पाहुण्यांची डिझेल घ्यावी की नवी पेट्रोल? पहिल्या गाडीबद्दल सांगलीतल्या एका मेकॅनिकचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राहायला विश्रामबागेत, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, ती बाइकवर चालते आणि पुढंही बाइकवरच चालणार. घरात आई-वडील, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मिरजेला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू आहेत. गाव जत तालुक्यात. हातात अडीच लाख, वर कर्ज, पण एकूण पाच-साडेपाच लाखांच्या पुढं जायचं नाही. नात्यातल्या पाहुण्यांची २०१७ ची डिझेल सेडान ४ लाख ६० हजारांना मिळतेय, ७८ हजार किलोमीटर फिरलेली, एमएच-१० म्हणजे सांगलीचंच पासिंग. वडील म्हणतात, घरातली गाडी आहे, घेऊन टाक. मेहुणा म्हणतो, नवीच घे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की जुनी पेट्रोल घेऊन सीएनजी किट बसवलं तर कसं?

माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. पाहुण्यांची सेडान तुमच्या कामाची नाही. तुम्ही २०२० ते २०२२ मधली, एकाच मालकाची, उंच बसायची पेट्रोल हॅचबॅक बघा, आणि पन्नास हजार बाजूला ठेवूनच किंमत ठरवा. तरीही घरच्यांचा आग्रह सेडानचाच असेल, तर एक रुपयाही देण्याआधी ती गाडी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कुठं उभी होती, हे बघा. इतर शहरांत हा प्रश्न शेवटी येईल. सांगलीत तो पहिला आहे.

आता तुमचा वापर. जत जाऊन-येऊन १६०-१७० किलोमीटर, महिन्यातून एकदा धरलं तर वर्षाला दोन हजार. पुण्याच्या चार फेऱ्या म्हणजे अठराशे-एकोणीसशे. मिरजेचा दवाखाना आठवड्यातून दोनदा, ते बाराशे. लग्नकार्य, वाडी, जोतिबा, पाहुणेरावळे मिळून दीड हजार. बेरीज सात हजारांच्या आत येते. पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदीत. पेट्रोल गाडीला १७ आणि डिझेलला २० चं ॲव्हरेज धरलं, तर किलोमीटरमागं दीड-पावणेदोन रुपये वाचतात. वर्षाला अकरा-बारा हजार. आठ वर्षं जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो काढायची वेळ आली की दोन-तीन वर्षांची ही बचत एका बिलात जाते. शिवाय दवाखान्याच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत डिझेल इंजिन नीट तापतच नाही, ईजीआरमध्ये, म्हणजे धूर इंजिनात परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी धरते. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्या माणसाला मी अजूनही डिझेलच सांगतो. तुम्ही ते गिऱ्हाईक नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. 'डिझेल दहा वर्षांनी बंद' हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यातला आहे. आपल्याकडं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढं फिटनेस बघून पाच-पाच वर्षं वाढतं आणि हरित कर भरावा लागतो. पाहुण्यांची गाडी २०३२ पर्यंत कागदावर ठणठणीत आहे. मी नको म्हणतोय ते बंदीच्या भीतीनं नाही. याच नियमामुळं दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्तात आपल्याकडं येतात, त्यांना हात लावू नका. एनओसी, पुन्हा रजिस्ट्रेशन, इथला कर असं करत स्वस्ताई संपते, आणि मीटरचा भरवसा कुणी देत नाही.

दुसरं कारण तुमच्या आई. सेडानमध्ये माणूस खाली बसतो आणि उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. वॅगन-आरसारख्या उंच गाडीत सीट साधारण खुर्चीच्या उंचीला असते, माणूस बाजूला सरकतो आणि पाय खाली टेकवतो. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत आईंना तीन-तीन वेळा बसवून उतरवून बघा, पुढंही आणि मागंही. हे शोरूममध्ये फुकट होतं. गाडी घेणारे लोक डिकी मोजतात, अलॉय व्हील बघतात आणि ज्या माणसासाठी गाडी घ्यायची तो माणूस घरीच असतो.

आता पुराचं. सविस्तर सांगतो, कारण इथं जुनी गाडी घेताना सगळ्यात मोठा फटका याच जागी बसतो.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेलं. गावभाग, मारुती चौक, स्टेशन चौक, सांगलीवाडी, हरिपूर, शामरावनगर, कुठं छातीइतकं, कुठं पहिल्या मजल्याला, आणि ते दिवसचे दिवस हटलं नाही. २०२१ ला पुन्हा तेच. त्या पाण्यात अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या हे आम्ही गॅरेजवाल्यांनी पाहिलंय. ज्यांचा विमा फुल होता त्यांनी क्लेम केला. कंपनीनं गाडी टोटल लॉस धरली, ती लिलावात गेली, कुणीतरी घेऊन दुरुस्त केली आणि विकली. या गाडीचा निदान कागदावर माग राहतो. माझ्या मते जास्त धोक्याची दुसरी जात आहे. ज्यांच्याकडं फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यांना पुराचा एक पैसा मिळणार नव्हता. त्यांनी गाडी बाहेरच्या बाहेर खोलली, वाळवली, सीट कव्हर बदलली आणि वर्षा-दोन वर्षांत काढून टाकली. तिचा क्लेम नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंद नाही, कागद स्वच्छ. पुढच्या मालकालाही कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळं तुमचे पाहुणे खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. ते पहिलेच मालक आहेत का, एवढं आधी आरसीवर बघा. त्यांनीच नवी घेतली असेल आणि तेव्हा ते विट्याला किंवा तासगावला राहत असतील, तर हा प्रश्न जवळजवळ मिटला. गाडी फक्त एमएच-१० आहे म्हणून घाबरू नका आणि दुसरं पासिंग आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यामुळं कुंभार्ली घाट चढून आलेली रत्नागिरीची एमएच-०८ सुद्धा मी याच नजरेनं बघतो. कोल्हापूरच्या एमएच-०९ चं तेच.

तपासायचं कसं? सुरुवात बॉनेटपासून करू नका. इंजिन धुता येतं, आणि विकणारा तेच धुऊन ठेवतो. गाडी नवरीसारखी नटवलेली असेल तर आधी पुढच्या सीटचा बेल्ट धरा आणि तो संपेपर्यंत बाहेर ओढा, अगदी मुळापर्यंत. शेवटचा हातभर पट्टा कायम रिळात गुंडाळलेला असतो, तिथवर कुणाचा ब्रश सहसा पोचत नाही. त्यावर चहाच्या डागासारखी सरळ रेघ असेल, किंवा पट्टा कडक, खरखरीत लागत असेल, तर पाणी तिथवर आलेलं होतं. चारही बेल्ट बघा, एखादा बदललेला असतो, चार सहसा बदलत नाहीत. बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा तयार झाल्याची तारीखही असते. गाडी २०१७ ची आणि पट्टा २०२० चा असेल तर का बदलला, हे विचारा.

मग सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं करा आणि मोबाइलचा टॉर्च खाली धरा. सीटच्या रुळांचे बोल्ट, खालच्या स्प्रिंगा, वायरींचे सॉकेट. सांगलीच्या हवेत एवढ्या वर्षांत रुळावर थोडा तांबूसपणा येतो, तो चालतो. खपल्या निघणारा गंज चालत नाही. सॉकेटमध्ये तांब्यावर हिरवट पावडर दिसली तर विषय तिथंच संपला. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर असते, मालकाला विचारून ती उचला, गालिच्याचा कोपरा वर करा आणि खालचा जाड नमदा हातानं दाबून बघा. कृष्णेचा गाळ काळा, बारीक, साबणासारखा असतो. वरून कितीही धुतलं तरी तो नमद्यात आणि वायरिंगच्या नळीत राहतोच. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खळग्यातही बघा.

किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. लागलाच नाही तर जास्त वाईट, कुणीतरी तो बंद केलाय. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर गिअरच्या जवळ, खाली फरशीलाच बसवलेला असतो, म्हणून पाणी आलं की आधी तोच जातो. आतून गाडी बुडून निघालेली आणि एअरबॅग कागदापुरती, अशा गाडीत चार वर्षांची मुलगी बसवायची नाही.

पाणी नुसतं चाकापर्यंत आलं असेल तर मी गाडी नाकारत नाही. ब्रेक, बेअरिंग, गिअर ऑइल बघून घेता येतं. फरशीच्या वर आलं असेल तर मात्र घेऊच नका, कितीही स्वस्त असली तरी. आज चालू असलेली गाडी उद्या पावसात खिडकी खाली करत नाही, परवा स्टार्ट होत नाही, आणि दोष सापडत नाही. असल्या वायरिंगच्या मागं आम्हीसुद्धा दमतो.

पाहुण्यांच्या गाडीत हे सगळं उचकटायचं कसं, ही खरी अडचण. वडिलांना अवघड वाटणारच. त्याला सोपा उपाय म्हणजे बँक. जुन्या गाडीच्या कर्जाला व्हॅल्युएशन रिपोर्ट बहुतेक बँका मागतात, तेव्हा 'बँकेचं बघायला येणार आहेत, आमचा मेकॅनिकही सोबत असेल' एवढं सांगा. कुणाला राग येत नाही. पाहुण्यांना सोबत घेऊनच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसिंगची यादी मागा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते हे त्यात असतं. ७८ हजार खरे की मीटर मागं घेतलंय, हे तिथंच कळतं. पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर मात्र तरुण, असं असेल तर रबराचं ऐका.

बाकी तपासणी चटकन सांगतो. सकाळी गाडी सुरू करून ठेवू नका म्हणावं. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा, थंडच पाहिजे. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे. ऑइलचं झाकण काढल्यावर आतून दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑइल एक होतंय. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग तुटलेला असेल तर तो पत्रा कधीतरी निघालाय, का ते विचारा. काचांवर कोपऱ्यात वर्षाचा आकडा असतो, एखादीच काच वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काहीतरी लागलेलं आहे. टायरवर चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदलायचा धरा. आणि गाडी चालवून बघायची ती विश्रामबागेच्या सपाट रस्त्यावर नाही. दंडोबाच्या चढाला न्या, एसी चालू ठेवा, चार माणसं बसवा. क्लच सुटतो का, तापमानाचा काटा वर चढतो का, खड्ड्यात खालून कुठला बुश वाजतो, सगळं त्या चढाला कळतं.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीचा भाव उतरल्यावर जुनीचा भाव आपोआप उतरायला हवा, पण विकणाऱ्याच्या डोक्यात आधीचाच आकडा असतो. पाहुण्यांचा ४ लाख ६० हजारांचा आकडा कधीचा आहे ते विचारा. आणि बोली करताना त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचं आजचं कोटेशन खिशात ठेवा.

नवी घ्यायची झाली तर जाहिरातीतला आकडा धरू नका. पाच लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स म्हणजे ५५ हजार, वर विमा, रजिस्ट्रेशन, फास्टॅग. तुमचं बजेट तिथंच ओलांडतं, म्हणजे मग सगळ्यात खालचं व्हेरिएंट किंवा सगळ्यात लहान गाडी उरते आणि पाच माणसं त्यात दाटीनं बसतात. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन आणून दाखवा, आकडा खाली येतो. 'हँडलिंग चार्जेस' कशाचे हे लेखी मागा, बऱ्याचदा ते मागितल्यावर गळतात. मेहुण्याचं म्हणणं चुकीचं नाही, नव्या गाडीला वॉरंटी असते आणि कर्जाचा दर कमी असतो. पण हात बसेपर्यंत पहिल्या वर्षात बंपर, दार, आरसा कुठंतरी घासणारच. तो घासा जुन्या गाडीला बसलेला बरा.

मी २०२० नंतरची म्हणतोय त्याला कारण आहे. २०१९ च्या मध्यापासून एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, आणि २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटला. १ एप्रिल २०२० नंतरची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक निकषातली आहे. २०१७ च्या गाडीत एअरबॅग आहे की नाही हे व्हेरिएंटवर ठरतं, तेव्हा फक्त स्टिअरिंगवरचं नाव वाचून समाधान मानू नका. आपल्या रस्त्यांना ऊसतोडणीच्या हंगामात रात्री बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली पुढं येते, तेव्हा एबीएस ही चैन राहत नाही.

कर्जाबद्दल एकच गोष्ट. जुन्या गाडीला फायनान्सवाला 'आठ टक्के' म्हणाला तर विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवर व्याज)? तीन लाख, चार वर्षं, फ्लॅट आठ टक्के म्हणजे व्याज ९६ हजार आणि हप्ता ८,२५०. रिड्युसिंगच्या हिशेबात तो दर सव्वाचौदाच्या पुढं जातो. पगार ज्या बँकेत येतो तिथं आधी विचारा.

कागदांत नात्याचा विचार करायचा नाही. फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०. पाहुण्यांनी गाडी कर्जावर घेतली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाहीतर आरसीवरचा बोजा उतरत नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बोजा, विमा, पीयूसी स्वतः बघा, ई-चलान थकलेली असतील तर ती विकणाऱ्यानं भरायची. 'सह्या करून ठेवल्यात, सवडीनं नावावर करू' हे ऐकायचं नाही. पाहुण्यांना समजावायचं असेल तर सांगा की सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, आरटीओत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक धरला जातो. मग तेच घाई करतील. विमाही चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप येते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. पाहुण्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळालेली सूट, त्यांच्याकडंच राहतो, त्याचा फरक तुम्हाला भरावा लागेल. सगळी रक्कम आधी देऊ नका, वीस-पंचवीस हजार नाव चढेपर्यंत मागं ठेवा. आणि सांगलीत राहायचं तर विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं कव्हर घ्या. साध्या फुल विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिनचा रॉड वाकला तर सहसा मिळत नाही.

बाजूला ठेवलेले पन्नास हजार कशाला, ते पहिल्या दोन महिन्यांत कळेल. ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, बहुधा दोन टायर, ट्रान्सफर आणि विमा. जुनी गाडी कितीही चांगली असली तरी हा खर्च चुकत नाही, आणि तो हप्त्यातून निघत नाही.

शेवटचा प्रश्न सीएनजीचा. सात हजारांच्या वापराला बाहेरून बसवलेलं किट वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. टाकीनं डिकी जाते; आईंचा वॉकर, मुलीचं सामान आणि गावाकडून येणारं धान्याचं पोतं मग कुठं ठेवणार? किट बसवलंच तर आरसीवर आणि विम्यावर नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर क्लेम अडतो, आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी. उद्या बाइक सोडून रोज गाडीनं कुपवाडला जायला लागलात आणि जतच्या फेऱ्या आठवड्याला झाल्या, तर कंपनीनंच बसवलेली सीएनजी गाडी बघा. तोपर्यंत साधी पेट्रोल. गाडी बघून आलात की बेल्टचे, सीटखालचे आणि टायरवरच्या अंकांचे फोटो काढून आणा, बॉनेटचा नको.